कर्त्याचं उत्तर

९ नोव्हेंबर १९८१, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि संस्थेने नवी पाहणी हातात दिली. हे साल जगभर अपंगांचं म्हणून पाळतात. तेव्हा पुणे शहरात आजारामुळे किंवा व्यंगामुळे किती माणसांचं काम अडतं, ते मोजायचं. गेली बरीच वर्षं मी संस्थेसाठी घरोघर जाऊन प्रश्न विचारतो. कोण किती ज्वारी खातं, कोणाला किती मुलं, कोण कुठल्या गावाहून शहरात आलं. पण तुमचं काय अडतं, असं कोणाला विचारायची ही पहिलीच वेळ. सोमवारचा उपवास होता, म्हणून असेल, पण तो प्रश्न दिवसभर मनात घोळत राहिला.

पाहणीच्या प्रमुख पद्मजाबाईंनी तो फळ्यावर लिहून दिला. "आजार, व्यंग किंवा वय यांमुळे घरातील कोणाच्या नेहमीच्या कामात अडथळा येतो का?" मग म्हणाल्या, "हाच प्रश्न, याच शब्दांत. कोणी आपलं डोकं चालवायचं नाही. घरातली सगळी माणसं एका वेळी सापडत नाहीत, तेव्हा कर्त्याने सगळ्यांचं उत्तर दिलं तरी चालेल."

माझ्याशेजारी माधव बसतो. सदाशिव पेठेतला, तिशीतला, जिभेला धार. तो हळूच म्हणाला, "डोकं चालवण्यात अडथळा असलेल्यांची वेगळी नोंद करायची का?"

बाईंनी ऐकलं. "करायची. पहिलं नाव तुमचं घालू."

येताना बिबवेवाडीच्या चढावर सायकलवरून उतरलो आणि ती हातात धरून चालत आलो. हल्ली मला हे आवडतं. चालताना नाम घेता येतं, मध्ये वडाखाली घटकाभर टेकता येतं. सायकलवर माणूस नुसता पळत असतो.

बायकोने, शकूने, जेवायला भात केला होता. भाकरी नव्हती. आमच्या गावाकडे ताटात भाकरी नसेल तर जेवलो असं कोणी म्हणत नाही. मी भात खाऊन उठलो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

विश्रांतवाडीला गेलो. या भागातली सगळी घरं माझ्याकडे आहेत. आज आप्पासाहेबांचं घर केलं. जुनं शेतकरी घराणं, आता शेतात चाळी बांधल्यात आणि भाडं येतं. आप्पासाहेब ओट्यावर खाटेवर बसले होते. मी कागद काढायच्या आतच म्हणाले, "ल्हिवा. घरात समदी धडधाकट. दुखणं आमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई."

साखरेच्या आजारात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली आहेत. पाय पुढे करून त्यांनीच दाखवला. मी विचारलं, "मग कामात अडथळा येत असेल?"

"भाडं मोजून घ्यायला हाताची बोटं लागत्यात. ती हायेत."

मी 'नाही' लिहिलं. प्रश्नाच्या हिशेबाने बरोबरच होतं.

अंगणात त्यांच्या थोरल्या भावाची विधवा बायको, सोजरबाई, मिरच्यांची देठं काढत होती. उजव्या हाताने काढायची. डावा मांडीवर ठेवलेला, जसा कोणाचा तरी सांभाळायला दिलाय. मी सायकल घ्यायला गोठ्याकडे गेलो तर ती तिथे आली. मी उगाच विचारलं, "बाई, हाताला काय झालंय?"

"कुठं काय?"

"काही काम सोडावं लागलं का?"

ती हसली. "सोडलं तर उचलणार कोण?" थोडं थांबून म्हणाली, "म्हस तेवढी गेली हातची. तिला दोन हातांची सवय. एका हातानं पिळाया बसलं की पान्हा सोडंना, लाथ मारायची. मग जावंला दिली. बाकीचं करते की समदं. रीत बदलली. हंडा भितीला टेकवून कमरंवर घेते. निऱ्या दातात धरून घालते. हात खांद्याच्या वर जात न्हाई त्याला दोन वरसं झाली. कुशीवर निजता येत न्हाई."

"आप्पासाहेबांना माहीत आहे?"

"त्यांनी कवा इचारलं?"

आळंदी रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून बराच वेळ बसलो. तिचं एकही काम थांबलेलं नाही, कारण ती थांबू देत नाही. म्हणजे अडथळा नाही, असं मी लिहायचं? मी 'नाही' खोडून 'होय' केलं. आणि ठरवलं, आता कर्त्याला विचारून झालं की प्रत्येक मोठ्या माणसाला त्याच्या कामाच्या जागी जाऊन वेगळं विचारायचं. पूर्वी एका रीतीने करत होता आणि आता दुसऱ्या रीतीने करता, असं कोणतं काम आहे? बाईंनी डोकं चालवू नका म्हणून सांगितलं होतं. आज चालवलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

हे कोणापाशी बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. शकूचं मन देवावरून उडालंय असं वाटतं. आरतीला पूर्वी माझ्याशेजारी बसायची. आता चौकटीला धरून उभी राहते, कोणी कुठे निघायच्या घाईत असावं तशी. नमस्कारही धड नाही, बोटं अर्धी उघडीच. मी तिला टोकलं नाही. भक्ती सांगून येत नाही. मी तिच्यासाठी रोज एक माळ जास्त ओढतो.

आमची मुलगी हेमा मात्र गुणाची. अकरावीचा अभ्यास सांभाळून धुणं पिळते, स्टोव्हला पंप मारते, आईची वेणीसुद्धा घालून देते. ज्या घरात जाईल ते घर नीट चालवील. देवाच्या दयेने आपल्या घरी सगळं बरं आहे, असं मी संध्याकाळी म्हणालो. शकू काही बोलली नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

काही घरं सदाशिव पेठेतही आहेत. श्यामसुंदर म्हणून एक निवृत्त हेडक्लार्क, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. प्रश्न वाचून दाखवला.

"मला कामात अडथळा येतो का?" ते म्हणाले. "नोकरीत असतानाही येत होता. साहेबांनी कधी नोंद केली नाही. आपण करा."

"म्हणजे कशाने येतो?"

"उजवा गुडघा. लिहा ठळक. आणि सरकारला कळवा की या जिन्याला एकूण किती पायऱ्या आहेत."

मग बायकोबद्दल विचारलं तर, "हिला काय झालंय? चष्मा आहे, एवढंच."

मंदाकिनीबाई आत तांदूळ निवडत होत्या. मी दाराशी उभा राहून माझा प्रश्न विचारला. त्या तांदूळ बघत नव्हत्या, बोटांनी चाचपत होत्या. "खडा बोटाला कळतो हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिसतो म्हणावं तर दिसत नाही. वर्ष होईल. यांना नका सांगू, उगाच डॉक्टरांशी भांडायला जातील."

घरातला एक माणूस दुखणं मिरवतो आणि दुसरा झाकतो. दोघांचंही उत्तर मिरवणाराच देतो. मी दोघांपुढे 'होय' लिहिलं. गुडघ्याचं 'होय' लिहिताना मात्र पेन जरा अडलं.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

कागद संस्थेत दिले. माधवने माझे गठ्ठे चाळले आणि मोठ्याने म्हणाला, "संपतराव, तुमच्या भागात एखादा धडधाकट माणूस सापडला तर कळवा. फोटोग्राफर पाठवू."

बाकीच्यांच्या भागात शंभरात तीन माणसं अडलेली आहेत. माझ्या भागात अकरा.

मी म्हटलं, "तू बायकांना विचारलंस?"

"विचारलं ना. त्यांच्या नवऱ्यांना."

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण घरी येताना चढावर दोनदा टेकावं लागलं, इतका राग होता.

३ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट हेमाने मांडला. शकू स्टुलावर बसून तिला सांगत होती, इकडे पान ठेव, तिकडे सुपारी ठेव. घट मांडायला स्टुलावर बसतात का? आमच्या आईने खाली पाटावर बसल्याशिवाय देवीपुढच्या कशाला कधी हात लावला नव्हता. मी माझी पोथी घेऊन बाहेर जाऊन बसलो. आज दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार

पद्मजाबाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं, पण आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत.

"संपतराव, तुम्ही वेगळा प्रश्न विचारलात."

"तो आधी विचारला, बाई. मग दुसरा विचारला."

"म्हणजे तुमची चाळण बारीक आणि इतरांची जाड. तुमच्या चाळणीत जास्त सापडणारच. मग मी बिबवेवाडी आणि विश्रांतवाडी यांची तुलना कशी करू? तिथे दुखणी जास्त आहेत की तिथे संपतराव जास्त आहेत, हे मला कसं कळणार? गज थोडा खोटा असला तरी चालेल, पण सगळीकडे तोच पाहिजे. निदान कोण उंच आणि कोण ठेंगणा ते तरी कळतं."

हे चुकीचं नाही. मी ते खाली मान घालून ऐकलं. मग म्हणालो, "पण हा गज ओट्यावरच्या माणसालाच लागतो. चुलीपाशी पोचत नाही."

त्यांनी माझा गठ्ठा पुढे ओढला. "फेरतपासणी करू. मी स्वतः तुमच्याबरोबर येते. बायकांनाच विचारू, तुमच्याच पद्धतीने. 'होय' टिकलं तर तुमचे कागद तसेच राहतील. नाही टिकलं तर तुम्ही त्या घरांपुढे 'नाही' लिहून सही करायची. कबूल?"

"कबूल."

"कधी जायचं?"

मीच गुरुवार सुचवला. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बायका घरात असतात.

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी आहे का कोणी?"

"नाही."

"विचारलंत?"

"मी त्या घरात राहतो, बाई."

"आप्पासाहेबही त्यांच्या घरात राहतात."

यात त्यांना काय सुचवायचं होतं ते मला कळलं नाही. आप्पासाहेबांशी माझी तुलना करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, ना जमीन ना चाळ.

१० डिसेंबर, गुरुवार

हरलो.

दिवेलागणीला विश्रांतवाडीत पोचलो. आप्पासाहेब ओट्यावर होते, आत आले नाहीत. म्हणजे त्यांचा धाक होता असंही म्हणता येत नाही. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी पद्मजाबाईंना पाय धुवायला पाणी दिलं, घटासमोर पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, हातात केळं आणि दुधाचा पेला दिला. सोजरबाई भिंतीशी बसली होती. बाईंनी फार नीट विचारलं. माझ्यापेक्षा नीट. एकेकीचं नाव घेऊन, मायेने, पूर्वी करत होता आणि आता वेगळ्या रीतीने करता असं काही आहे का, म्हणून.

कुसुमताई म्हणाल्या, "न्हाई बाई. समदं बरं हाय."

सोजरबाई म्हणाली, "मला काय व्हतंय? देवीच्या दयेनं बरं हाय."

मला राहवेना. "सोजरबाई, अहो म्हशीचं तुम्हीच सांगितलं होतंत ना मला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चारचौघांत काही अभद्र बोललो होतो. कुसुमताई म्हणाल्या, "दादा, आज गुरुवार हाय."

आज गुरुवार आहे हे मला सांगायची काय गरज होती? माझाही उपवास होताच.

पुढच्या चार घरांतही हेच झालं. पाट, कुंकू, फळ, आणि बरं हाय. एका घरात तर जिचं कंबरेचं दुखणं मी कागदभर लिहिलंय, ती बाई वाकून पद्मजाबाईंच्या पाया पडली. उठताना तिचे ओठ पांढरे झाले होते. पण उत्तर नाहीच.

बसमध्ये बाईंच्या पिशवीत केळी आणि एक ब्लाउजपीस होता. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. सोमवारी सही करा."

बायका तेव्हा माझ्याशी खोटं बोलल्या का? की आज खोटं बोलल्या? देवीसमोर?

११ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पूजा केली, पण मन लागलं नाही. चहा घेताना शकूला सगळं सांगितलं. खरं म्हणजे तिने माझी बाजू घ्यावी असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "त्या सोजरबाईने तोंडावर खोटं सांगितलं. घटासमोर बसून."

शकू स्टुलावर बसली होती. म्हणाली, "खोटं कसलं? तुम्ही गुरुवारी गेलात."

"मग?"

"मग काय? पहिल्यांदा घरी आलेली बाई. तिला देवीपुढे बसवलं, कुंकू लावलं, दूध दिलं. आणि लगेच तिच्यापुढे घरातलं दुखणं काढायचं? गुरुवारी घट मांडलेला असताना तोंडातून वाईट काढत नाहीत. इतकी वर्षं देवाचं करताय, एवढं ठाऊक नाही तुम्हाला?"

ठाऊक होतं. आमची आईही त्या दिवशी खोकला दाबून धरायची.

"म्हणजे तो दिवसच चुकला," मी म्हणालो.

"दिवस चुकला." तिने कप दोन्ही तळव्यांत धरला होता. कपाच्या कानात बोट न घालता, लहान मूल धरतं तसा. "आणि मला कधी विचारणार? आज शुक्रवार आहे."

मला वाटलं थट्टा करते आहे. म्हणून मी संस्थेचा प्रश्न संस्थेच्या आवाजात म्हणून दाखवला. आजार, व्यंग किंवा वय यांमुळे नेहमीच्या कामात अडथळा येतो का?

"नाही," शकू म्हणाली. "आता तुमचा विचारा. तो बायकांना विचारत फिरता तो."

मी विचारला.

ती एकेक सांगत गेली. तळहात पसरत नाही म्हणून भाकरी थापता येत नाही, म्हणून भात. सकाळी उठल्यावर बोटं तासभर लाकडासारखी असतात, म्हणून पंप हेमा मारते. डब्यांची झाकणं ती घट्ट लावतच नाही. वेणी घालता येत नाही. खाली बसलं तर आधाराशिवाय उठता येत नाही, म्हणून चौकट, म्हणून स्टूल.

"हात जोडले तर बोटं मिटत नाहीत," ती म्हणाली. "देवाला चालत होतं. तुम्हाला चालत नव्हतं, ते दिसायचं मला."

"कधीपासून?"

"हेमा नववीत होती."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रोज म्हणायचात, आपल्या घरी सगळं बरं आहे. त्याच्यावर मी काय सांगू?"

मी तिच्यासाठी रोज जी जास्तीची माळ ओढत होतो, तिच्याबद्दल तिला सांगितलं नाही. सांगायचं धैर्य झालं नाही. देव इतके दिवस ती कशी ऐकून घेत असेल कोण जाणे.

१२ डिसेंबर, शनिवार

शकूला डॉक्टरकडे नेलं. संधिवात म्हणाले. इतका उशीर का केला, असं विचारलं. मला विचारलं. मी म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं." शकू म्हणाली, "आता झालं ना ठाऊक. औषध लिहून द्या." येताना रस्त्यात म्हणाली, "सोमवारी सही करायची नाही हं."

१४ डिसेंबर, सोमवार

पद्मजाबाईंच्या टेबलावर त्या पाच घरांचे कागद ठेवले होते. 'होय' वर आधीच बारीक रेघ मारलेली. फक्त माझी सही बाकी.

मी आधी गुरुवारचं सांगितलं. त्या बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत बसल्या. मग म्हणाल्या, "मी घरी घट मांडते, संपतराव. माझ्याही लक्षात आलं नाही. केळी घरी नेऊन शिकरण केली."

"दिवस मीच सुचवला होता."

"हो. आणि मी होय म्हटलं. पण यावरून तुमचा आकडा खरा ठरत नाही. एवढंच ठरतं की कोण विचारतं आणि कधी विचारतं यावर उत्तर बदलतं. म्हणजे तुमचाही चूक आणि माझाही चूक."

"माझा कमी चूक आहे."

"हा हट्ट झाला."

"हट्टच आहे, बाई." माझा आवाज मलाच नवा वाटला. "तुम्ही मला विचारलं होतंत, घरी आहे का कोणी. मी नाही म्हणालो. त्या दिवशी तुम्ही माझ्या घराची पाहणी केली असती तर तुमच्या नियमाने माझं उत्तर घेतलं असतं, आणि शपथेवर दिलं असतं मी ते. माझ्या बायकोचे दोन्ही हात दोन वर्षांहून जास्त काळ आखडलेले आहेत. तिने एकही काम थांबवलं नाही आणि मी एकही बघितलं नाही. मी काही वाईट नवरा नाही. सोमवार करतो, गुरुवार करतो, दारू पीत नाही. असाच कर्ता शहरात घरोघर बसलाय आणि आपण त्याला विचारून लिहून घेतोय."

त्यांनी अगदी हळू विचारलं, "आता त्या कशा आहेत?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"एका घरावरून शहर मोजता येत नाही," त्या म्हणाल्या, पण पूर्वीसारखं ठासून नाही.

"नाही येत. पण गज खोटा आहे हे कळायला एक घर पुरतं."

"अहवाल महिनाअखेरीला द्यायचा आहे. आता पद्धत बदलता येणार नाही. सही करा."

"नाही करणार."

"मग तुमचा सगळा भाग माधवराव पुन्हा करतील. छापील प्रश्न घेऊन. आणि पुढच्या पाहणीला तुमचं नाव घेता येणार नाही मला. नियम आहे."

"नसू द्या."

मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "माणूस समोर हजर असेल आणि स्वतःचं स्वतः सांगत असेल, तर ते उत्तर धरायचं. हे आपल्या नियमात पहिल्यापासून आहे. मी माधवरावांना आठवण करीन."

एवढंच. पण एवढं त्या म्हणाल्या.

नोकरी गेली असं अजून आत उतरलेलं नाही. कोणाचं तरी दुखणं खोडायला मी नकार दिला, एवढंच वाटतंय. शकूला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत," आणि हेमाला म्हणाली, "बाबांना परात दे. आजपासून कणीक तेच मळतील. घरीच असतात." पहिली कणीक पातळ झाली. हेमाने तिचं धिरडं केलं.

२२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी दारात माधव. चपला काढायच्या आधीच सुरू झाला, "संपतराव, तुम्ही शिकवून ठेवलंय त्यांना!"

"कोणाला?"

"त्या विश्रांतवाडीच्या बायकांना. काल गेलो. आप्पासाहेब ओट्यावर. मी प्रश्न वाचला, छापील, शब्दाला शब्द. ते म्हणाले समदी धडधाकट. मी लिहायला लागलो तर दारात ती सोजरबाई येऊन उभी. म्हणते, माझं मी सांगते."

मी बाजूला होऊन त्याला आत घेतलं.

"आप्पासाहेब म्हणाले, वहिनी, आत जा. ती म्हणते, 'त्या दिशी गुरुवार व्हता, आज सोमवार हाय. आज इचारा.' आणि हात वर करून दाखवायला लागली. जात नाही तो वर! छातीपर्यंत आला आणि थांबला. मी बघतोय, आप्पासाहेब बघतायत. म्हातारा इतका चिडला, म्हणाला घरातलं चव्हाट्यावर मांडतीस? तर ती म्हणते, घरात मांडलं असतं, कुणी बसलं असतं तर."

"मग तू काय लिहिलंस?"

"काय लिहिणार? समोर हजर होती, स्वतः सांगत होती. बाईंनी बजावून पाठवलंय. 'होय' लिहिलं." तो वैतागून टोपी झटकत होता. "आणि मग शेजारची आली. तिने कुठून ऐकलं देव जाणे. दुपारपर्यंत मला गोठ्यात उभं करून दोघीतिघींनी सांगितलं. सगळ्या नाही हां. दोन घरांत अजूनही समदं बरं हाय. पण तुमच्या अकरावरून फार खाली येणार नाही तो आकडा. बाई चिडणार."

"चिडतील," मी म्हणालो. "लिहितीलही."

बोलताना माझी मान ताठ झाली असावी, कारण तो हसला. "नोकरी घालवून बसलात आणि जिंकल्यासारखे काय बसता?"

तेवढ्यात आतून शकूचा आवाज आला. ती माधवला पहिल्यांदाच भेटत होती. पाहुण्यापुढे बाई जसा दबका आवाज काढते तसा नव्हता तो.

"भावजी, बसा. चहा हे करतील. माझ्या हाताने होत नाही."

माधव गोंधळला. पाहुण्याला असं कोणी सांगत नाही. त्याने पिशवीवर हात ठेवला, सवयीने, आणि थट्टेत म्हणाला, "संपतराव, मग वहिनींचं काय लिहू?"

मी पातेलं घ्यायला उठलो.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हणालो. "तिला विचार."